विश्लेषण : शहराचा 'इन्व्हर्टर' झालेली गावं! संकटात माणसं परततात, पण त्यांचा हिशेब ठेवतं कोण?

साथ आली, कारखाना बंद पडला, टाळेबंदी लागली, की शहरातला माणूस गावाची वाट धरतो. गेल्या सव्वाशे वर्षांत मुंबईने हे किमान तीन वेळा मोठ्या प्रमाणावर पाहिलं आहे. प्रत्येक वेळी गावाने माणसं पोटात घेतली, प्रत्येक वेळी शहर पूर्वपदावर आल्यावर त्यातली बरीच माणसं परत निघून गेली, आणि मधल्या काळात गावावर किती भार पडला याचा हिशेब कुठेच लिहिला गेला नाही. आता २०२७ची जनगणना होत आहे. २०११ नंतर पहिल्यांदाच देशातली प्रत्येक व्यक्ती कुठे राहते हे मोजलं जाणार आहे. म्हणूनच हा विषय आत्ता समजून घ्यायला हवा. शहरातून गावाकडे होणारं स्थलांतर म्हणजे काय, परतलेली माणसं करतात काय आणि यात चुकतंय कुठे?

'उलटं स्थलांतर' म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे स्थलांतर म्हटलं की डोळ्यांसमोर एकच चित्र येतं. गावाकडून येणारी एसटी किंवा पॅसेंजर आणि खांद्यावर पिशवी घेतलेला तरुण. सरकारी आकडेवारीत मात्र स्थलांतराचे चार प्रवाह असतात. गावाकडून गावाकडे, गावाकडून शहराकडे, शहरातून शहराकडे आणि शहरातून गावाकडे.

केंद्र सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणाने, म्हणजे पीएलएफएसने, जुलै २०२० ते जून २०२१ या वर्षासाठी स्थलांतराची वेगळी माहिती गोळा केली होती. त्यानुसार देशातल्या एकूण स्थलांतरितांपैकी सुमारे ५५ टक्के गावातून गावात गेलेले होते. गावातून शहरात गेलेले सुमारे १९ टक्के, आणि शहरातून गावात आलेले सुमारे १० टक्के. म्हणजे दहा स्थलांतरितांमागे एक जण उलट्या दिशेने आलेला.

हा आकडा वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा. आपल्या देशात स्थलांतराचं सर्वांत मोठं कारण नोकरी नसून लग्न आहे. शहरात वाढलेली मुलगी लग्न होऊन तालुक्याच्या गावाबाहेरच्या वाडीत गेली, तरी ती आकडेवारीत 'शहरातून गावाकडे' याच रकान्यात बसते. नोकरी गेली म्हणून परतलेला गडी, निवृत्त होऊन कौलारू घर दुरुस्त करणारे काका आणि सासरी गेलेली मुलगी या सगळ्यांचा रकाना एकच. म्हणून 'गावाकडे ओढा वाढला' असं एका वाक्यात सांगणाऱ्या बातमीवर लगेच विश्वास ठेवू नये. कोण परतलं आणि का परतलं, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय तो आकडा काहीच सांगत नाही.

हे पहिल्यांदाच घडलं का?

मुळीच नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेगचे रुग्ण सापडले. पुढच्या काही महिन्यांत रेल्वे, बोटी, बैलगाड्या मिळेल त्या वाटेने जवळपास निम्मी मुंबई शहर सोडून गेली. १८९१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ८ लाख २१ हजारांवर होती. १९०१ मध्ये ती ७ लाख ७६ हजारांवर आली होती. वाढत्या शहराची लोकसंख्या दहा वर्षांनी कमी भरावी, ही साधी गोष्ट नव्हती. परतणाऱ्यांबरोबर रोगही गावोगाव पोहोचला. याच साथीत १८९७ चा साथरोग कायदा आला. तोच कायदा २०२० मध्ये पुन्हा बाहेर काढला गेला.

दुसरी वेळ गिरणी संपाची. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. महिना, दोन महिने, सहा महिने गेले. खोलीचं भाडं आणि खानावळीचं बिल थकलं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा, कोल्हापूर या जिल्ह्यांतल्या हजारो कामगारांनी गाव गाठलं. संप सुटेल, भोंगा वाजेल, मग परत जाऊ, हा हिशेब होता. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. पुढे गिरण्या बंद झाल्या आणि जमिनींवर टॉवर उभे राहिले. गिरणी कामगारांच्या घरांचा प्रश्न आजही बातम्यांत असतो. जे गावीच राहिले, त्यांच्या संसाराचं काय झालं, हा प्रश्न मात्र बातमीत क्वचित येतो.

तिसरी वेळ तुमच्या-माझ्या आठवणीतली आहे.

२०२० मध्ये किती लोक परतले?

२४ मार्च २०२० च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली. १ मेपासून श्रमिक विशेष रेल्वेगाड्या सुरू झाल्या. या गाड्यांतून सुमारे ६३ लाख लोकांनी प्रवास केल्याचं सरकारने सांगितलं. त्याआधीचे पाच आठवडे मात्र लोक चालत होते. ८ मेच्या पहाटे जालन्याहून निघालेले १६ मजूर करमाडजवळ रुळांवरच झोपले आणि मालगाडीखाली चिरडले गेले. रुळांवर विखुरलेल्या भाकरींचा फोटो महाराष्ट्र विसरू शकत नाही.

केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार, टाळेबंदीत आपापल्या राज्यात परतलेल्या स्थलांतरित कामगारांची संख्या होती सुमारे १ कोटी १४ लाख. त्यात उत्तर प्रदेशात परतलेले ३२ लाखांहून अधिक, बिहारमध्ये सुमारे १५ लाख.

आता इथे थोडं थांबा. हा आकडा 'आपल्या राज्यात' परतलेल्यांचा आहे. मुंबईहून राजापूरला, पुण्याहून माणदेशात किंवा ठाण्याहून शाहूवाडीला गेलेला माणूस राज्याच्या सीमेतच राहिला. तो या आकड्यात धरलेलाच नाही. कोकणातल्या प्रत्येक वाडीत त्या वर्षी शाळेच्या वर्गात विलगीकरणात बसलेले मुंबईकर होते. गणपतीसाठी येणाऱ्या चाकरमान्यांनी १२ ऑगस्टच्या आत पोहोचावं आणि दहा दिवस वेगळं राहावं, असे नियम निघाले. इतका मोठा प्रवाह डोळ्यांना दिसत होता, पण देशाच्या हिशेबात त्याची किंमत शून्य.

परतलेल्यांनी गावात काय केलं?

याचं उत्तर पीएलएफएसमध्येच सापडतं. देशातल्या एकूण काम करणाऱ्यांपैकी शेतीत असलेल्यांचं प्रमाण कित्येक दशकं कमी होत होतं. १९९३-९४ मध्ये ते सुमारे ६४ टक्के होतं, २०१८-१९ पर्यंत ४२.५ टक्क्यांवर आलं. मग उलटं झालं. २०१९-२० मध्ये ४५.६ टक्के, २०२०-२१ मध्ये ४६.५ टक्के. सर्वेक्षणाचं वर्ष जुलै ते जून असतं, म्हणजे २०१९-२० च्या आकड्यात टाळेबंदीची तिमाही एकच होती.

साथ ओसरल्यावर हे प्रमाण पुन्हा खाली यायला हवं होतं. २०२३-२४ मध्ये ते ४६.१ टक्के होतं. शहरं सुरू झाली, मॉल भरले, विमानतळावर रांगा लागल्या, तरी शेतीवरचा भार २०१८-१९ च्या पातळीवर गेला नाही.

ही सगळी वाढ परतलेल्या माणसांची आहे, असं म्हणणं चुकीचं ठरेल. गावातच राहणाऱ्या स्त्रियांचा शेतकामातला सहभागही या काळात आकडेवारीत मोठ्या प्रमाणावर वाढलेला दिसतो. पण घरातला कमावता हात बसला की घरातल्या बाईला बांधावर जावं लागतं, हे सांगायला सर्वेक्षण लागत नाही.

आणखी एक रकाना पाहा. घरच्या शेतात किंवा दुकानात विनामोबदला मदत करणारे. २०१८-१९ मध्ये काम करणाऱ्यांत त्यांचं प्रमाण १३.३ टक्के होतं, २०२०-२१ मध्ये १७.३ टक्के झालं. सरकारी व्याख्येनुसार ही माणसं बेरोजगार नाहीत. ती 'कामावर' आहेत. दोन एकरांत आधी तिघं राबत होती, आता पाच जण राबतात. भात तेवढंच येतं. अर्थशास्त्रात याला छुपी बेरोजगारी म्हणतात. गावात म्हणतात, 'घरी आहे, शेती बघतो'.

मी इंजिनिअर आहे, त्यामुळे मला हे चित्र घरातल्या इन्व्हर्टरसारखं दिसतं. वीज गेली की सगळा भार गुपचूप बॅटरीवर जातो. दिवे चालू, पंखे चालू, वीज गेल्याचं कळतसुद्धा नाही. पण बॅटरीची क्षमता ठरलेली असते. तिच्यात वेळोवेळी पाणी घालावं लागतं. ते घातलं नाही, तर ऐन वेळी ती दगा देते. शहराची अर्थव्यवस्था बंद पडते तेव्हा भार गावावर जातो आणि देश चालू राहतो. बेकारीचा स्फोट होत नाही, दंगे होत नाहीत, कारण माणसं चुलत्याच्या पडवीत सामावलेली असतात. बॅटरीत पाणी घालायचं मात्र कोणाच्याच लक्षात राहत नाही.

गावात जागा तरी आहे का?

कृषी गणनेनुसार १९७०-७१ मध्ये महाराष्ट्रात एका खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ मध्ये ती १.३४ हेक्टर उरली. म्हणजे साडेदहा एकरांवरून सव्वातीन एकर. ही सरासरी आहे. कोकणात अनेकांच्या वाट्याला गुंठे येतात.

त्यातही सातबारा उघडून पाहिला तर वेगळीच गंमत. आजोबांच्या आजोबांपासूनची नावं, त्यात मुंबईचे, पुण्याचे, सुरतेचे, हयात नसलेले. सगळे सामायिक खातेदार. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ नुसार वाटप करून घेता येतं, पण त्यासाठी सगळ्यांना एकत्र आणायचं कोणी? वाटप झालेलं नसेल तर परतलेल्या तरुणाला पीककर्ज मिळताना अडचण, ठिबकच्या अनुदानाला अडचण, काजूची लागवड करायची तर चुलत्यांची हरकत. घर आहे, पण घरपट्टी दुसऱ्याच्या नावावर. गाव आपलं असतं, कागद आपला नसतो.

निसर्गही वाट पाहत नाही. २०२० च्या मे महिन्यात हजारो चाकरमानी रायगड-रत्नागिरीत परतले आणि ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर धडकलं. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पोफळ पुन्हा लावली तर उत्पन्न सुरू व्हायला काही वर्षं जातात. ज्या बागेच्या भरवशावर माणूस परतला, तीच गेली. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

मग त्या काळात गावाला तारलं कोणी?

दोन गोष्टींनी, रेशन आणि रोजगार हमी. रोजगार हमीची कल्पना महाराष्ट्राची. वि. स. पागे यांनी मांडलेली, सत्तरच्या दशकातल्या दुष्काळात रुजलेली, १९७७ मध्ये कायद्यात आलेली. पुढे २००५ मध्ये देशपातळीवर तसा कायदा झाला. २०१९-२० मध्ये मनरेगाखाली देशभर सुमारे २६५ कोटी मनुष्यदिवस काम झालं होतं. २०२०-२१ मध्ये ते सुमारे ३८९ कोटींवर गेलं. जवळपास ४७ टक्के वाढ, तीही एका वर्षात. तरी प्रत्येक कुटुंबाला १०० दिवसांची हमी असताना सरासरी काम मिळालं ५० दिवसांच्या आसपासच.

ही वाढ शक्य झाली कारण योजना मागणीवर चालणारी होती. काम मागायला आलेल्याला नाही म्हणता येत नव्हतं आणि पैसे कमी पडले तर केंद्राला वाढवावे लागत होते. मे २०२० मध्ये ६१,५०० कोटींच्या मूळ तरतुदीत आणखी ४० हजार कोटी घालावे लागले.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात १२५ दिवसांची हमी आहे, ही चांगली गोष्ट. पण प्रत्येक राज्यासाठीचा निधी केंद्र आधीच ठरवणार, महाराष्ट्रासारख्या राज्याने खर्चाचा ४० टक्के वाटा उचलायचा आणि ठरलेल्या निधीपेक्षा जास्त खर्च झाला तर तोही राज्याचाच. नेहमीच्या वर्षात हे गणित कदाचित जमेल. पण २०२० सारखं वर्ष पुन्हा आलं आणि एका महिन्यात गावात काम मागणारे दीडपट झाले, तर? ज्या वर्षी मजुराला सर्वांत जास्त गरज असते, त्याच वर्षी राज्याच्या तिजोरीत सर्वांत जास्त खडखडाट असतो. बॅटरीची क्षमता आधीच ठरवून टाकायची आणि भार कितीही येऊ द्यायचा, ही रचना माझ्या मते धोक्याची आहे.

जून २०२० मध्ये केंद्राने परतलेल्या मजुरांसाठी गरीब कल्याण रोजगार अभियान आणलं होतं. १२५ दिवस, ११६ जिल्हे, सहा राज्यं. त्यात महाराष्ट्राचा एकही जिल्हा नव्हता. कारण सरकारी नजरेत महाराष्ट्र म्हणजे माणसं 'येतात' ते राज्य. इथल्या इथे परतणारे कुणाच्याच यादीत बसत नाहीत.

मोजणी चुकली तर काय बिघडतं?

खूप काही. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या दहा वर्षांत जवळपास ८२ हजारांनी घटून १६ लाख १५ हजारांवर आली होती. सिंधुदुर्गची घटून ८ लाख ४९ हजारांवर. त्याच दशकात त्या वेळच्या ठाणे जिल्ह्याने ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर उडी मारली. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. मुलींची संख्या वाढल्यामुळे हे प्रमाण आलेलं नाही. कर्ते पुरुष मुंबई-ठाण्यात आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

आता लोकसंख्येवर काय काय ठरतं ते पाहा. सपाट भागात ३० हजार आणि डोंगरी भागात २० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. पंधराव्या वित्त आयोगाने राज्याराज्यांतल्या स्थानिक संस्थांसाठी निधी वाटताना ९० टक्के वजन लोकसंख्येला दिलं, तीही २०११ ची. रेशनचा कोटाही २०११ च्याच आकड्यांवर. महाराष्ट्रात ग्रामीण भागातले ७६.३२ टक्के आणि शहरातले ४५.३४ टक्के लोक अन्नसुरक्षा कायद्यात बसतात, ही मर्यादा तेव्हापासून बांधलेली आहे.

शाळांचं तसंच. २०२३ मध्ये राज्यात वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा १४ हजारांहून अधिक असल्याची आकडेवारी समोर आली आणि त्यांचं समूह शाळांमध्ये रूपांतर करण्याचा प्रस्ताव आला. कागदावर तर्क बरोबर वाटतो. पाच मुलांसाठी दोन शिक्षक कशाला? पण वाडीतली शाळा बंद झाली की लहान मूल असलेलं कुटुंब तिथे परतूच शकत नाही. लोक नाहीत म्हणून शाळा नाही, शाळा नाही म्हणून लोक येत नाहीत. या चक्रातून गाव आपोआप बाहेर पडणार नाही.

आणखी एक छोटी पण बोलकी विसंगती. प्राधान्य कुटुंबाच्या शिधापत्रिकेसाठी राज्याने ठरवलेली वार्षिक उत्पन्न मर्यादा शहरात ५९ हजार रुपये आणि गावात ४४ हजार रुपये. वर्षाला ५० हजार मिळवणारं कुटुंब शहरात स्वस्त धान्याला पात्र आणि गावात परतल्यावर अपात्र! 'एक देश, एक रेशनकार्ड'मुळे तुमचं कार्ड दुसऱ्या दुकानात चालतं, ही मोठी सोय आहे. पण ज्याचं कार्डच नाही किंवा परतल्यावर नव्याने काढायचं आहे, त्याला या सोयीचा उपयोग नाही.

पण लोक आनंदानेही परततातच ना?

हो, परततात. माझ्या बॅचचे कितीतरी जण २०२० मध्ये लॅपटॉप घेऊन गावी गेले. कुणी रेंजसाठी गच्चीवर बसलं, कुणी गोठ्याशेजारच्या खोलीत मीटिंग केल्या. घरचं जेवण, खोलीभाडं शून्य, बँकेत शिल्लक वाढलेली. सोशल मीडियावर 'गावाकडची सकाळ' दाखवणारे रील तेव्हापासूनच वाढले. पुढे कंपन्यांनी ऑफिसला बोलावलं आणि त्यातले बहुतेक जण हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये परत आले.

त्यांच्या परतण्याला मी नावं ठेवत नाही. पण पगार शहराचा आणि खर्च गावाचा, ही सोय असलेला माणूस आणि हातातलं काम गेलेला माणूस यांना एकाच 'रिव्हर्स मायग्रेशन'च्या मथळ्याखाली बसवणं ही फसवणूक आहे. पहिला गावात पैसे घेऊन येतो. दुसरा गावातल्याच ताटातला घास वाटून घेतो. गावाचे गोडवे गाणाऱ्या रीलमध्ये हा दुसरा माणूस कधीच दिसत नाही.

'खेड्याकडे चला' हे गांधीजींच्या नावाने सांगितलं जाणारं वाक्य शहरातल्या गर्दीवरचा उपाय म्हणून हल्ली फार फेकलं जातं. ज्यांना लोकलमधली गर्दी कमी व्हायला हवी आहे, ते सहसा स्वतः जायला तयार नसतात. दुसऱ्याने जावं, असं त्यांचं म्हणणं असतं.

मग परतूच नये का?

परतावं. पण परतायला कारण हवं. अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार हे याचं महाराष्ट्राला माहीत असलेलं उदाहरण. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले तेव्हा दुष्काळाने गाव रिकामं होत होतं. आधी पाण्याची कामं झाली. मग उसासारख्या जास्त पाणी पिणाऱ्या पिकांना आणि शेतीसाठीच्या बोअरवेलला गावानेच नकार दिला. दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवली. जनावरांना चारा मिळाला, दूध वाढलं आणि मग बाहेर गेलेली कुटुंबं परतली.

क्रम लक्षात घ्या. पाणी आधी, काम नंतर, माणसं सर्वांत शेवटी. २०२० मध्ये क्रम उलटा होता. माणसं आधी आली, काम नव्हतंच. त्यामुळे परतणं टिकणारं की तात्पुरतं, हे माणसाच्या गावप्रेमावर ठरत नाही. गावात शेतीच्या जोडीला दुसरं काम आहे का, यावर ठरतं. देशाच्या उत्पन्नात शेतीचा वाटा सुमारे १८ टक्के आहे आणि त्यावर पोट भरणारे ४६ टक्के. त्यात आणखी माणसं ढकलली तर प्रत्येकाच्या वाट्याचा तुकडा लहानच होणार. आंबा-काजूवर गावातच प्रक्रिया, तालुक्याला दुरुस्तीची कामं, आरोग्यसेवेत जागा, सौरपंप बसवणारे हात, अशा रोजगारांची गरज आहे. परतलेल्यांत वेल्डर आहेत, प्लंबर आहेत, रुग्णालयात काम केलेले वॉर्डबॉय आहेत. त्यांचं कौशल्य नोंदवून घेणारी वहीसुद्धा ग्रामपंचायतीत नसते.

काय करायला हवं?

माझ्या मते चार गोष्टी, आणि यातली एकही अशक्य नाही.

पहिली, ग्रामपंचायतीत येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद. अडवण्यासाठी नको, शाळा, रेशन आणि कामाचं नियोजन करण्यासाठी. २०२० मध्ये विलगीकरणासाठी प्रत्येक गावाने ही यादी हाताने केली होतीच. म्हणजे ती करता येते.

दुसरी, संकटकाळासाठी रोजगार हमीत वेगळी तरतूद. साथ, वादळ किंवा मोठी टाळेबंदी जाहीर झाली की ठरलेल्या निधीची मर्यादा आपोआप उठावी आणि वाढीव खर्च केंद्राने उचलावा, असं नियमातच लिहिलेलं असावं. भर संकटात फायली फिरवायची वेळ येऊ नये.

तिसरी, सातबाऱ्यावरच्या सामायिक जमिनींच्या वाटपासाठी गावोगाव शिबिरं. गणपतीत आणि शिमग्यात सगळे भाऊबंद गावात असतात. महसूल खात्याने तेव्हाच टेबल मांडलं, तर वर्षानुवर्षं अडलेली किती प्रकरणं सुटतील!

चौथी, शाळा आणि आरोग्य केंद्र बंद करताना आजचा पट किंवा आजची लोकसंख्या हा एकच निकष नको. वाडीपासून पुढची शाळा किती लांब आहे आणि पावसाळ्यात तिथे पोहोचता येतं का, हेही मोजलं पाहिजे.

यात तुम्ही काय करू शकता?

लोकसंख्येची प्रत्यक्ष गणना फेब्रुवारी २०२७ मध्ये होईल. १ मार्च २०२७ ही त्याची संदर्भ तारीख आहे. एका माणसाची नोंद एकाच ठिकाणी होते, आणि ती तुम्ही नेहमी जिथे राहता तिथे. गावचं प्रेम म्हणून मुंबईत राहणाऱ्यांनी गावी नाव लावू नये. जे खरोखर गावी परतले आहेत, त्यांनीही 'अजून काही नक्की नाही' म्हणत शहरातल्या पत्त्यावर नोंद करू नये. २०११ मध्ये जन्मठिकाण, याआधीचं राहण्याचं ठिकाण, तिथून येण्याचं कारण आणि इथे किती काळ आहात, असे प्रश्न होते. असा प्रश्न आला की घाईत 'इतर' सांगून मोकळे होऊ नका. काम सुटलं म्हणून आला असाल तर तसं सांगा. घरातल्या वयस्कर माणसांनाही हे समजावून सांगा, कारण दारात प्रगणक आला की उत्तरं बहुधा तेच देतात.

शहर-गाव या हिशेबात आत्तापर्यंत गावाच्या नावावर फक्त खर्च पडला आहे, तोही न लिहिता. या वेळी निदान नोंद तरी बरोबर झाली, तर पुढच्या संकटात रत्नागिरीच्या किंवा माणच्या एखाद्या सरपंचाला तहसील कार्यालयात जाऊन सांगता येईल, की आमच्याकडे इतकी माणसं आहेत, इतकं धान्य आणि इतकं काम लागेल.